काही केलं नसताना दोषी दिसणं : ऑटिस्टिक माणसानं आरोपाला तोंड कसं द्यावं?

रोजमेळ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी सांगलीचा. मार्केट यार्डात एका आडत दुकानात हिशेब बघतो. माल मुख्यतः हळद, थोडा गूळ. वय चाळिशीच्या आतबाहेर. भाच्याच्या ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) तपासणीला बहिणीबरोबर गेलो होतो. डॉक्टर एकेक प्रश्न विचारत होते आणि ताई दर प्रश्नाला माझ्याकडे बघत होती. पुढे मीही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो आणि माझंही निदान झालं. बरंच काही उलगडलं. दुकानात मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

आता मुद्दा. हंगामात सौदे जोरात असताना एका संध्याकाळी गल्ल्यात रक्कम कमी आली. धाकट्या शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू घेतलेस का?" मी म्हणालो, "मी घेतले का?"

मला प्रश्न ऐकू येतो, पण उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तोंडातून प्रश्नच परत बाहेर पडतो. लहानपणापासून असंच आहे. धाकट्या शेठना वाटलं मी वेळ काढतोय. वेळ तर मी काढतच होतो, फक्त खोटं रचायला नाही. मग मला हसू आलं. हे हसू कुठून येतं ते मला आजही सांगता येत नाही. वडिलांच्या दहाव्यालाही आलं होतं. नजर समोरच्या वजनकाट्यावर खिळलेली. आणि मग मी सकाळी दुकान उघडल्यापासूनचा एकेक व्यवहार क्रमानं सांगायला लागलो. कुठल्या गावची किती पोती, हमाली किती, तोलाई किती, उचल कुणाला. मला वाटलं एवढ्यानं शंका मिटेल. हमालांतला एक जण म्हणाला, "बघा की, कसं पाठ करून आलाय!"

पैसे हरवलेच नव्हते. मोठ्या शेठनी एका ओळखीच्या शेतकऱ्याला उचल दिली होती, नोंद राहिली होती. "गैरसमज झाला, मनाला लावून घेऊ नकोस," म्हणून चहा मागवला. पण गल्ल्याची किल्ली तेव्हापासून माझ्याकडे येत नाही. पैशांचा हिशेब लागला. मी त्या वेळी कसा दिसलो ते कुणी विसरलेलं नाही.

हे एकच प्रकरण असतं तर धागा काढला नसता. एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबात, हमाली दोनदा कापली गेली होती, ती मी त्याच्यासमोरच सांगितली. त्यावर ऐकावं लागलं, "मीठ कुणाचं खातोस?" मान वर न करता बोलतो म्हणून उद्धट. विनोद उशिरा कळतो म्हणून शिष्ट. कुणाच्या लग्नात जेवून लगेच निघालो म्हणून माणूसघाणा. प्रत्येक वेळी मी केलेल्या गोष्टीपेक्षा माझ्या तोंडाकडे बघून निकाल लागतो.

विचारायचं ते दोनच. आरोप होत असतो त्या क्षणी नेमकं काय करावं? आणि दुकानात निदान सांगावं का?

गावभागकर

असल्या ठिकाणी एक मिनिट राहू नका. हिशेब येणाऱ्या माणसाला सांगलीत नोकऱ्या कमी नाहीत. राजीनामा तोंडावर फेका.

रोजमेळ

सल्ल्याबद्दल आभार, पण सोडून जाणं हा माझ्यासाठी उपाय नाही. इथे मला प्रत्येकाचा आवाज, प्रत्येकाची चिडायची वेळ माहीत आहे. नव्या जागी ते सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्या भेटीत तर मी सगळ्यात वाईट दिसतो. शिवाय काम आवडतं. रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, जुळला की जे वाटतं ते मला दुसरीकडे कुठे वाटत नाही.

पायलीला_पन्नास

राग मानू नका, पण चारचौघांत चोर म्हटलं की कुणाचंही ततपप होतं. त्याला निदान कशाला? आमच्या वडिलांच्या पिढीत असली माणसं "जरा तऱ्हेवाईक आहे" म्हणून खपून जायची. हल्ली प्रत्येकाला आपल्या स्वभावाला डॉक्टरचा शिक्का हवा असतो.

टिपूस_नाही

खपून जायची की कोपऱ्यात पडायची, हे त्या माणसांना कुणी विचारलं होतं का?

मुक्ता_मिरज

मी मानसशास्त्रज्ञ आहे, मिरजेत काम करते. पायलीला_पन्नास, घाबरल्यावर सगळ्यांचंच ततपप होतं हे खरं. पण ऑटिस्टिक माणूस न घाबरता, खरं बोलत असतानाही तसाच दिसतो. नजर न भिडवणं, हातांची चुळबुळ, एकसुरी आवाज, उत्तराला उशीर, नको इतका तपशील. खोटं बोलणारा कसा ओळखावा याची लोकांच्या डोक्यातली यादी घ्या आणि ऑटिझमची लक्षणं शेजारी ठेवा. बरीचशी तीच निघतात.

हे नुसतं माझं मत नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या लिम, यंग आणि ब्रूअर या संशोधकांनी ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांच्या मुलाखती चित्रित करून सामान्य लोकांना दाखवल्या. तो अभ्यास २०२१ मध्ये आला. ऑटिस्टिक मंडळी खरं बोलत असूनही बघणाऱ्यांना जास्त खोटी आणि कमी भरवशाची वाटली. त्यातही लक्षात ठेवण्यासारखं हे की कुठल्या एका सवयीवर बोट ठेवता आलं नाही. एकूण वावरावरूनच मत बनत होतं. म्हणून "डोळ्यात बघून बोलायला शिक, सगळं ठीक होईल" हा जो सल्ला पालक आणि कधीकधी आमच्या व्यवसायातले लोकही देतात, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. डोळ्यात बघण्यात सगळी शक्ती गेली की उत्तर आणखी उशिरा येतं.

रोजमेळ, तुमच्या पहिल्या प्रश्नाला उपयोगी पडेल असा आणखी एक अभ्यास आहे. अमेरिकेत सॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की ऑटिस्टिक माणसाची काही सेकंदांची चित्रफीत पाहूनसुद्धा लोकांचं मत प्रतिकूल होतं. तेच बोलणं, नुसते शब्द, लोकांना वाचायला दिले तेव्हा मात्र तो फरक उरला नाही. म्हणजे तुमचं म्हणणं लोकांना पटत नाही असं नाही. ते म्हणणं ज्या चेहऱ्यातून आणि आवाजातून येतं तिथे गाडी अडते. तेव्हा शक्य असेल तिथे आरोपाचं उत्तर लेखी द्या, आणि लेखी द्यायला वेळ मागून घ्या.

ब्रिटनमधले डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो; ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही हे जितकं खरं, तितकंच इतरांनाही त्याचं कळत नाही. फक्त हमालांना "तुम्हाला माणूस वाचता येत नाही" असं कुणी म्हणत नाही.

भडंगप्रेमी

वाचतोय. +१ मुक्ता.

टिपूस_नाही

माझं सदस्यनाव माझ्यावरच्याच आरोपातून आलंय, तर तोच सांगते. विश्रामबागेत राहते, निवृत्त शिक्षिका. पन्नाशी ओलांडल्यावर निदान झालं.

सासूबाई गेल्या तेव्हा मी मोठी सून. घरात रडारड, आणि मी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी करत होते. कुणाला फोन झाले, कोण कुठल्या गाडीनं येणार, अमरधामला कोण पुढे जाणार, सुतकाच्या घरात चूल पेटणार नाही तेव्हा कोणत्या शेजारणीकडून पिठलं-भाकरी कधी येणार. नणंद सगळ्या बायकांत म्हणाली, "डोळ्यात टिपूस नाही हिच्या. सुटली असंच वाटत असणार." मला त्या वेळी काही बोलता आलं नाही. पुढे कित्येक महिन्यांनी मंडईत अंबाडीची जुडी दिसली आणि मी भर बाजारात हमसून हमसून रडले. सासूबाईंना अंबाडी फार आवडायची. पण ते बघायला कोण होतं!

माझ्या बाजूनं उभी राहिली ती धाकटी जाऊ. तिला ऑटिझम वगैरे काही ठाऊक नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "ताई रडत बसल्या असत्या तर गुरुजींना फोन कुणी केला असता?" नणंद गप्प झाली. वहिनींना आतून दुःख आहे हो, असं पटवत बसली असती तर वाद वाढला असता. मी केलेलं काम तिनं त्यांना दाखवलं.

तेव्हापासून मी एक करते. जे तोंडावर दिसत नाही ते तोंडानं सांगते. कुणाच्या घरी भेटायला गेले की सरळ म्हणते, "मला फार वाईट वाटतंय. माझ्या चेहऱ्यावर दिसत नाही, माझं पहिल्यापासून असंच आहे." पहिल्यांदा म्हणताना विचित्र वाटलं. पण बायका लगेच म्हणतात, "असतं बाई एकेकीचं." निदान मी कुणालाच सांगत नाही. "माझं पहिल्यापासून असंच आहे" एवढ्यावर आपल्याकडे नव्वद टक्के काम भागतं.

पायलीला_पन्नास

टिपूस_नाही, तुमचं वाचलं. पण मग तुम्हीही तेच म्हणताय ना, निदान न सांगता भागतं?

टिपूस_नाही

माझं भागतं, कारण मी निवृत्त आहे आणि पेन्शन माझ्या नावावर येते. नणंदेनं माझ्याबद्दल काही म्हटलं तरी माझी भाकरी थांबत नाही. रोजमेळ यांचं तसं नाही.

तासगावची_सून

आमच्या घरात हे दुसऱ्या बाजूनं बघितलंय म्हणून लिहिते. आमच्या ह्यांचं निदान लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालं. द्राक्षबाग आहे, विहीर भावकीत सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. एका उन्हाळ्यात ह्यांनी चुलत दिरांना विचारलं, तुमची पाळी आम्हाला द्याल का, बागेला ताण पडलाय. दीर म्हणाले, "बघू की." आपल्याकडे "बघू की" म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ह्यांनी ते हो म्हणून डायरीत लिहून ठेवलं आणि त्या रात्री मोटर चालू केली. सकाळी भावकी दारात. पाणीचोर इथपासून सुरुवात. हे डायरी काढून दाखवायला लागले, तारीख, वार, "बघू की" हे शब्द जसेच्या तसे. त्यावरून तर जास्तच पेटलं. "आमचं बोलणं लिहून ठेवतोस? वकील लावलायस काय?"

तेव्हा मुक्ताताई, लेखी उत्तराबद्दल तुम्ही म्हणता ते अभ्यासात बरोबर असेल, पण गावात कागद काढला की समोरच्याला वाटतं हा कोर्टात निघाला.

आता आम्ही काय करतो ते सांगते. बोलणं झालं की हे शेवटी एक वाक्य विचारतात, "म्हणजे मंगळवारी रात्री पाणी आमचं, बरोबर?" हो किंवा नाही ऐकू येईपर्यंत जागचे हलत नाहीत. भावकी वैतागते, पण भांडणं कमी झाली. आणि मी नंतर जावेला व्हॉट्सॲपवर लिहिते, "जाऊबाई, मंगळवारचं पाणी आम्ही घेतोय बरं का, गुरुवारी तुम्ही घ्या." बायकांच्या मेसेजला कुणी पुरावा समजत नाही, पण असतो तो पुरावाच.

एक मात्र इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दुभाष्याचं काम करून मी दमते. ह्यांचं भावकीला समजावायचं, भावकीचं ह्यांना. सासरचे म्हणतात मी नवऱ्याला पाठीशी घालते, आणि हे म्हणतात मी भावकीची बाजू घेते. दोन्हीकडून माझ्यावरही आरोपच.

मुक्ता_मिरज

तासगावची_सून, तुमचा कागदाचा मुद्दा मान्य. त्यावर विचार करायला हवा.

नवखा_कुपवाड

विषय जरा नाजूक आहे. मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे, निदान कॉलेजात असताना झालं. ऑफिसातल्या एका मुलीनं एचआरकडे सांगितलं की मी तिच्याकडे टक लावून बघतो. मला विचार करताना एका दिशेला बघत राहायची सवय आहे आणि माझ्या टेबलासमोर तिचं टेबल आहे. मी तिच्याकडे बघतोय हे मला जाणवतही नव्हतं. अजून लेखी तक्रार नाही, पण सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. झोप लागत नाही. मी तिला जाऊन समजावून सांगू का, की माझा हेतू तसा नव्हता?

टिपूस_नाही

नको. अजिबात जाऊ नकोस. तू चांगल्या मनानं जाशील, पण तिला एकटं गाठून स्पष्टीकरण देणं हा तिच्यासाठी दुसरा त्रास होईल. तुझा हेतू नव्हता यावर माझा विश्वास आहे. तिला अवघडल्यासारखं झालं यावरही आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. एचआरकडे जा आणि म्हण, माझ्या टेबलाची दिशा बदला. आजच.

कृष्णाकाठचे_वकील

टिपूस_नाही यांच्याशी शंभर टक्के सहमत. टेबल बदलून मागणं म्हणजे गुन्हा कबूल करणं असं काही जण सांगतील, त्यांचं ऐकू नका. मात्र अर्जात कारण लिहा: "मला ऑटिझम आहे, विचार करताना माझी नजर एका जागी स्थिर राहते, त्यामुळे कुणाला त्रास होऊ नये म्हणून जागा बदलून मिळावी."

पुढे लेखी तक्रार झालीच, तर कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती चौकशी करते. तिथे तक्रारीची प्रत मिळते आणि उत्तर लेखीच द्यायचं असतं, नियमानुसार दहा कामकाजाच्या दिवसांत. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. समितीसमोर बाजू मांडायला वकील नेता येत नाही. म्हणून आत जायच्या आधी समितीला लेखी कळवा की प्रश्न एकेक करून विचारावेत, उत्तराला वेळ द्यावा आणि नजर न भिडवण्याचा अर्थ काढू नये. निदानाचा कागद जोडा. त्यानं आरोपातून सुटका होते असं समजू नका. समिती तुमचं वर्तन तपासणारच, आणि तपासायलाच हवं. तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं जावं, यापुरताच तो कागद आहे.

आता रोजमेळ यांच्याकडे वळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगता धरली आहे आणि ऑटिझम त्यात आहे. कायद्यात "वाजवी सोय", म्हणजे दिव्यांग माणसासाठी करायचे जरुरीपुरते बदल, ही कल्पना स्पष्ट आहे. सरकारी नोकरीत भेदभाव करायचा नाही, हे कलम २० मध्ये सरळ लिहिलंय. पण चार-सहा माणसांच्या आडत दुकानात या कायद्याचा धाक कितपत चालेल, तर खरं सांगायचं म्हणजे फारसा नाही. तिथे शेठच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे त्यावर सगळं.

पोलिसांचा विषय कुणी काढला नाही, मी काढतो, कारण रकमेचा आरोप तिथवर जायला वेळ लागत नाही. माझ्या पाहण्यात सगळ्यात घातक सवय ही, की गोंगाट थांबावा म्हणून माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. ते करू नका. गप्प राहणं हा गुन्हा नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, हे घटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग व्यक्तीला साक्षीदार म्हणून चौकशीला राहत्या घराखेरीज दुसरीकडे यायची सक्ती करता येत नाही. तपासात साक्षीदाराचा जबाब लिहून घेतला तर त्यावर सही घ्यायची नसते. अटकेची गोष्ट वेगळी, तिथे आधी वकील.

नवखा_कुपवाड

आभार सगळ्यांचे. अर्ज लिहिलाय. आई म्हणते निदान लिहू नकोस, पुढे लग्नाला अडचण येईल. मी लिहिणार आहे.

मुक्ता_मिरज

नवखा, झोप बरेच दिवस नसेल, काही नको वाटत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन नकोसा वाटत असेल (अनेक ऑटिस्टिक लोकांना वाटतो) तर घरच्या कुणाला लावायला सांगा.

पायलीला_पन्नास

नवख्याला शुभेच्छा. माझा मूळ मुद्दा सोडत नाही, पण एक विचारतो. रोजमेळ, ज्याला शिक्का नको असतो त्याला तुम्ही कसं सांगाल? माझ्या धाकट्या भावाबद्दल विचारतोय. डेअरीत कामाला आहे. दर वर्षा-दोन वर्षांनी कुठेतरी भांडण होऊन नोकरी सुटते आणि घरी येऊन म्हणतो, मी काय केलं तेच मला कळत नाही.

रोजमेळ

पायलीला_पन्नास, मी असतो तर त्याला निदानाबद्दल काहीच बोललो नसतो. त्याला विचारलं असतं, भांडण झालं त्या दिवशी कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द सांग. त्याला शब्द आठवत असतील आणि चेहरे आठवत नसतील, तर माझ्यासारखाच असेल. बाकी डॉक्टर ठरवतील. आणि "तुझंच कुठेतरी चुकत असणार" हे वाक्य घरात बंद करा. ते बाहेर रोज ऐकतोच आम्ही.

आता माझं. तासगावच्या वहिनींनी सांगितलेलं मलाही आलं. मोठ्या शेठना म्हणालो, "यापुढे काही शंका आली तर मला लिहून द्या, मी लिहून उत्तर देतो." त्यांचा चेहराच उतरला. "लिहून? का रे बाबा, कोर्टात जायचंय का?" मग हे डोक्यातून काढून टाकलं.

पण यार्डात एक गोष्ट आहे जी कुणालाच खटकत नाही. कुठल्याही शेतकऱ्यानं काही विचारलं की दिवाणजी म्हणतो, "थांबा, वही बघून सांगतो." मोठे शेठही म्हणतात. वही बघायला कितीही वेळ लागला तरी कुणाला त्यात लबाडी दिसत नाही, उलट माणूस चोख वाटतो. नजर वहीत असते, आणि ती तिथेच असायला हवी असते. परवा वजनात फरक निघाला आणि धाकटे शेठ माझ्या अंगावर आले. मी म्हणालो, "वही बघून सांगतो," आणि खरंच वही उघडली. पान उलटेपर्यंत शब्द जुळले. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. स्वतःच्या मनानं काही बोलायचंच नव्हतं, वहीतलं वाचायचं होतं. प्रश्न परत म्हणून दाखवायची वेळ आली नाही, हसूही आलं नाही. फरक वेळेवर सापडला, बारदानाचं वजन वजा करायचं राहिलं होतं.

वहीबाहेरचे आरोप, म्हणजे शिष्ट, माणूसघाणा वगैरे, त्यांना हे लागू पडत नाही. तिथे टिपूस_नाही यांचं "माझं पहिल्यापासून असंच आहे" वापरून बघणार आहे.

गावभागकर

राजीनाम्याचा सल्ला मागे. "वही बघून सांगतो" मी घरीही वापरणार आहे. बायकोनं विचारलं, कुठे होतास, की वही बघून सांगतो.

तासगावची_सून

गावभागकर, बघा हं, वही तिच्याकडेही असेल.

मुक्ता_मिरज

रोजमेळ, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना तुमचं नाव न घेता सांगणार. त्या जागेत आधीपासून चालत असलेली रीत शोधायची, जिच्या आडून वेळ मिळतो. शिक्षक हजेरीपट बघतो, दुकानदार माल बघून येतो, मेकॅनिक गाडी चालू करून बघतो.

आता दुसरा प्रश्न, दुकानात सांगायचं का. मी "सांगा" किंवा "नका सांगू" असं म्हणणार नाही. सांगायचं ठरलं तर भांडणाच्या दिवशी नको. त्या दिवशी ते कारण वाटतं आणि कारण दिलं की पळवाट वाटते. हंगाम उतरल्यावर, मोठ्या शेठना एकट्याला. आणि सुरुवात "ऑटिझम" या शब्दानं करू नका. त्यांच्या डोक्यात टीव्हीवरचं न बोलणारं लहान मूल येईल. आधी उशिरा उत्तर येणं, नको तिथे हसू, नजर, हे सांगा. त्यांना त्यांचीच आठवण येऊ द्या, की हो, त्या दिवशी असंच झालं होतं. मग नाव सांगा.

रोजमेळ

ताईला बरोबर नेऊ का? मोठे शेठ तिला ओळखतात.

टिपूस_नाही

न्या की. पण बोलायचं तुम्ही. ती बोलायला लागली तर शेठ तिच्याशीच बोलतील आणि तुम्ही शेजारी बसलेलं पोर व्हाल. तिनं चहा प्यायचा आणि मान हलवायची.

कृष्णाकाठचे_वकील

जाण्याआधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचा विचार करा. शेठना दाखवायला नाही, तुमच्याकडे असावं म्हणून. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, संकेतस्थळावर अर्ज भरून मग सरकारी रुग्णालयात वैद्यकीय मंडळापुढे जायचं असतं. नोकरीतलं आरक्षण आणि बऱ्याचशा योजना चाळीस टक्के दिव्यांगत्वापासून पुढे लागू होतात.

रोजमेळ

मंडळ मोठ्या माणसांना कसं तपासतं? मी बोलतो, नोकरी करतो. मला बघून म्हणतील याला काही नाही.

मुक्ता_मिरज

ही भीती रास्त आहे. भारतात यासाठी आयएसएए नावाची मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण सत्तरच्या खाली आले तर ऑटिझम नाही असं धरतात. मोजपट्टी प्रामुख्यानं मुलांचा विचार करून केलेली आहे, त्यामुळे आयुष्यभर स्वतःला झाकायला शिकलेल्या मोठ्या माणसाचे गुण कमी येऊ शकतात. म्हणून लहानपणी तुम्ही कसे होता हे सांगणारं कुणी बरोबर हवं. शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर न्या, शेऱ्यांमध्ये बरंच सापडतं. "हुशार आहे पण इतर मुलांत मिसळत नाही" असं काहीतरी हमखास असतं.

रोजमेळ

प्रगतिपुस्तकं २०१९ च्या पुरात गेली, खालच्या मजल्यावर होती. आई आहे. ती येईल.

तासगावची_सून

आईंना आधी घरी बसवून सगळं कागदावर उतरवून घ्या, आणि तोच कागद मंडळापुढे वाचायला सांगा. आमच्या सासूबाई आयत्या वेळी डॉक्टरांना म्हणाल्या, "तसा लहानपणी फार गुणी होता हो, कुण्णाला त्रास नाही." सगळं मुसळ केरात. पुन्हा तारीख घ्यावी लागली.